चिप जागी होण्याआधीचे मिलिसेकंद

गेले काही आठवडे माझ्या टेबलावर दोन सारखे सर्किट बोर्ड शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. दोन्हींवर एकच एफपीजीए (हवे ते लॉजिक भरून घेता येणारी चिप), एकच फ्लॅश मेमरी आणि तिच्यात भरलेली एकच बिटस्ट्रीम, म्हणजे त्या लॉजिकची फाइल, आहे. तरीही वीज देताच एका बोर्डावरचा रिले टक् असा आवाज करून ओढला जात असे, सुमारे साडेपाच सेकंद तसाच राहत असे आणि मग आपोआप सुटत असे. दुसऱ्या बोर्डावरचा रिले मात्र जागचा हलत नसे. हा रिले पाण्याची एक विद्युत झडप उघडतो. कोणीही आज्ञा दिलेली नसताना ती झडप साडेपाच सेकंद उघडी राहणे मला मान्य होण्यासारखे नव्हते. म्हणून वीज दिल्यापासून ही चिप खऱ्या अर्थाने कामाला लागेपर्यंत नेमका किती वेळ जातो, हे नीट मोजायचे मी ठरवले.

मोजणीकडे वळण्यापूर्वी या विलंबाचे कारण सांगायला हवे, कारण साध्या लॉजिक चिपमध्ये तो नसतो. १९८५ मध्ये झायलिंक्सने एक्ससी२०६४ ही ६४ लॉजिक ब्लॉकची पहिली एफपीजीए बाजारात आणली, तेव्हापासून या जातीच्या बहुसंख्य चिप आपली रचना एसरॅम प्रकारच्या पेशींत साठवतात. वीज गेली की या पेशी सर्व काही विसरतात. त्यामुळे प्रत्येक वेळी वीज आल्यावर चिपला आपण कोण आहोत हे बाहेरच्या फ्लॅश मेमरीतून बिटामागून बिट वाचून घ्यावे लागते, आणि ते वाचन पूर्ण होईपर्यंत तिच्यात आपण लिहिलेले कोणतेही लॉजिक अस्तित्वातच नसते. याउलट ज्या लहान सीपीएलडी (एफपीजीएच्याच कुळातल्या छोट्या लॉजिक चिप) आपली रचना स्वतःच्या आतल्या फ्लॅशमध्ये बाळगतात, त्या फार लवकर उठतात. अल्टेराच्या मॅक्स-२ मालिकेच्या डेटाशीटमध्ये हा काळ चिपच्या आकारानुसार जास्तीत जास्त २०० ते ४५० मायक्रोसेकंद दिलेला आहे. अनेक मोठ्या बोर्डांवर एफपीजीएच्या शेजारी अशी एखादी छोटी सीपीएलडी केवळ वीजपुरवठ्यांचा क्रम आणि रीसेट सांभाळण्यासाठी बसवलेली दिसते, ती याच कारणाने.

माझ्या बोर्डावर आर्टिक्स-७ मालिकेतील एक्ससी७ए३५टी ही चिप आहे. तिची पूर्ण बिटस्ट्रीम १,७५,३६,०९६ बिटांची असते आणि आपण त्या चिपचा दहावा भाग वापरा की पूर्ण चिप वापरा, हा आकडा बदलत नाही. या मालिकेत फ्लॅश वाचण्यासाठी चिप स्वतःच घड्याळ तयार करते आणि आपण काहीही न सांगितल्यास त्याचा वेग ३ मेगाहर्ट्झ धरला जातो. एका तारेवरून एका ठोक्याला एक बिट या हिशेबाने भागाकार केला, तर उत्तर सुमारे ५.८५ सेकंद येते. रिले साडेपाच सेकंद ओढलेला राहत होता, त्यामुळे संशय कोठे घ्यायचा हे कागदावरच कळले होते. पण कागदावर कळणे आणि बोर्डावर पाहणे यांत मी फरक करते, विशेषतः पुढे पाण्याची झडप असेल तेव्हा.

मोजणीची पहिली अडचण उपकरणांची नसून व्याख्येची होती. ‘वीज दिल्यापासून’ म्हणजे नेमके कधीपासून? माझ्या बोर्डाला बाहेरून ५ व्होल्ट मिळतात. त्यातून रेग्युलेटर १.० व्होल्ट, १.८ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट असे वेगवेगळे पुरवठे एकामागून एक उभे करतात, आणि प्रत्येक रेग्युलेटर स्वतःचा वेळ घेऊन सावकाश चढतो. चिप मात्र आपल्या गाभ्याचा, ब्लॉक रॅमचा, सहायक आणि कॉन्फिगरेशन बँकेचा (बिटस्ट्रीम वाचून घेणाऱ्या पिनांचा) असे सगळे पुरवठे पुरेशा पातळीवर आल्याखेरीज आपला आतला रीसेट सोडत नाही. झडपेच्या दृष्टीने आरंभ म्हणजे ५ व्होल्ट आले तो क्षण. डेटाशीटशी तुलना करायची असेल तर मात्र आरंभ चिपच्या स्वतःच्या पुरवठ्यांपासून धरावा लागतो. हे दोन आरंभ मी वेगळे नोंदवले, कारण ते मिसळले की रेग्युलेटरची दिरंगाई चिपच्या नावावर चढते आणि मग सुधारणा चुकीच्या जागी होते.

शेवटाची व्याख्या त्याहून अवघड निघाली. चिपला डन नावाची पिन असते आणि बहुतेक जण ती वर गेली की चिप सुरू झाली असे मानतात. मीही बरीच वर्षे तसेच मानत होते. प्रत्यक्षात बिटस्ट्रीम संपल्यावर आणि तिची सीआरसी (मजकूर वाचताना चुकला नाही ना, ही) तपासणी जुळल्यावर एक छोटा आरंभक्रम चालतो. त्यात मुळातली मांडणी ठेवली असेल तर चौथ्या टप्प्यावर डन सोडली जाते, पाचव्या टप्प्यावर बाहेर जाणाऱ्या पिनांवरचा प्रतिबंध उठतो आणि सहाव्या टप्प्यावर आतल्या फ्लिपफ्लॉप व रॅमना लिहिण्याची मुभा मिळते. म्हणजे डन वर जाते त्या क्षणी आपले लॉजिक अजून पिनांवर आलेले नसते. हा फरक घड्याळाच्या एखाददुसऱ्या ठोक्याचा असल्याने किरकोळ आहे, पण त्यापुढचा फरक किरकोळ नाही. आपले लॉजिक आतल्या पीएलएलच्या (हव्या त्या वेगाचे घड्याळ तयार करणाऱ्या सर्किटच्या) घड्याळावर चालत असेल, तर ते घड्याळ स्थिर होईपर्यंत आणखी वेळ जातो. या मालिकेत त्याची कमाल मर्यादा १०० मायक्रोसेकंद दिलेली आहे. रिलेसाठी हा वेळ नगण्य असला, तरी वेगवान संवादाच्या कामात तो हिशेबात धरावा लागतो.

म्हणून मी चाचणीसाठी एक वेगळी, अगदी लहान रचना लिहिली. तिच्यात दोन पिना वापरल्या. पहिली पिन कोणतीही अट न ठेवता शून्यावर आणायची आणि दुसरी पीएलएल स्थिर झाल्याचा संकेत मिळाल्यावर व त्यानंतर सोळा ठोके मोजून झाल्यावर शून्यावर आणायची. दोन्ही पिनांना बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टकडे जोडला. चिप झोपेत असताना पिना वर राहतात आणि जागी होताच खाली ओढल्या जातात, त्यामुळे ऑसिलोस्कोपवर सुरेख तीक्ष्ण उतार मिळतो. उलट बाजूने, म्हणजे पिन खालून वर नेऊन मोजायला गेल्यास वीज येतानाचा पुरवठ्याचा चढ आणि चिपच्या आतले पुलअप (पिन वर ओढून धरणारे रेझिस्टर) एकमेकांत मिसळतात आणि चिप केव्हा उठली हे डोळ्यांना वेगळे काढता येत नाही.

हाताने दाबायचा स्विच चाचणीत वापरू नये, हे मला पहिल्या तासाभरातच उमगले. त्याचे संपर्क बंद होताना काही वेळा उड्या मारतात आणि ५ व्होल्टच्या चढाला करवतीसारखे दात येतात. त्याऐवजी एका मायक्रोकंट्रोलरने चालवलेला मॉसफेट स्विच लावला आणि त्याच मायक्रोकंट्रोलरच्या टायमरला इनिट (चिप वाचनाला तयार झाल्याचे सांगणारी पिन), डन आणि वरच्या दोन चाचणी पिना जोडल्या. याने रात्रभर शेकडो वेळा वीज देता-काढता येते आणि प्रत्येक वेळेचे आकडे आपोआप नोंदले जातात. ऑसिलोस्कोप मी आकार पाहण्यासाठी ठेवला आणि टायमर संख्या मोजण्यासाठी. ऑसिलोस्कोपच्या स्मृतीलाही मर्यादा असते. सहा सेकंदांचा काळ एक कोटी नमुन्यांत बसवला तर दोन नमुन्यांमध्ये ०.६ मायक्रोसेकंदाचे अंतर पडते आणि आरंभक्रमातले बारीक टप्पे नीट उलगडत नाहीत. म्हणून एक दृश्य संपूर्ण काळाचे आणि दुसरे डन पिनेवर ट्रिगर लावून फक्त शेवटच्या काही मायक्रोसेकंदांचे, असे दोनदा पाहावे लागते.

पहिल्या रात्रीचे आकडे असे होते. वीज देण्याच्या आज्ञेपासून शेवटचा पुरवठा उभा राहीपर्यंत सुमारे ६ मिलिसेकंद. तेथून इनिट पिन वर जाईपर्यंत, म्हणजे चिपने आपला रीसेट सोडून सगळ्या पेशी पुसून घेईपर्यंत, सुमारे २२ मिलिसेकंद. इनिटपासून डनपर्यंत ५.५ सेकंद. डननंतर पहिली पिन एका मायक्रोसेकंदाच्या आसपास खाली आली आणि दुसरी ६० मायक्रोसेकंदांच्या आगेमागे. यातला २२ मिलिसेकंदांचा आकडा मला सुरुवातीला मोठा वाटला, पण पुरवठे जलद चढत असल्यास रीसेटसाठी १० ते ३५ मिलिसेकंद आणि सावकाश चढत असल्यास १० ते ५० मिलिसेकंद लागू शकतात, असे डेटाशीटच सांगते. हा काळ आपल्याला कोणत्याही सेटिंगने कमी करता येत नाही. ज्यांना एफपीजीए ‘लगेच’ सुरू व्हावी असे वाटते, त्यांनी हा तळ आधी मान्य करायला हवा.

इनिट ते डन हा काळ गणितातल्या ५.८५ सेकंदांपेक्षा कमी का आला, याचे उत्तर घड्याळाच्या पिनेवर प्रोब ठेवताच मिळाले. तेथे ३ नव्हे, सुमारे ३.२ मेगाहर्ट्झ दिसत होते. आतले घड्याळ क्रिस्टलवर चालत नसल्याने त्यात फरक असणारच. फरकाची मुभा किती आहे, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. या मालिकेत ती अधिक-उणे ५० टक्के आहे. म्हणजे ३ मेगाहर्ट्झ लिहिलेले घड्याळ नियमांत राहूनच १.५ मेगाहर्ट्झने चालू शकते, आणि मग तीच चिप उठायला ११.७ सेकंद घेऊ शकते. माझ्या हातातल्या चिपने ५.५ सेकंद घेतले, एवढ्या आधारावर ‘ही चिप साडेपाच सेकंदांत उठते’ असे लिहून ठेवणे म्हणजे पुढे येणाऱ्या प्रत्येक चिपच्या वतीने आपण वचन देणे होय. चाचणीतला आकडा त्या दिवशीच्या, त्या तापमानाच्या, त्या एका चिपचा असतो. रचना करताना धरायचा आकडा डेटाशीटच्या सर्वांत वाईट टोकाचा असतो. माझ्या मते चाचणीचा खरा उपयोग हे दोन आकडे एकमेकांशी सुसंगत आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी आहे.

वेग वाढवण्याचे मार्ग ठाऊक असलेलेच आहेत, पण त्यांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सर्वांत आधी तारा वाढवाव्यात. माझी फ्लॅश एका वेळी चार तारांवरून माहिती देऊ शकते, आणि बोर्डावर त्या चारही तारा जोडलेल्या असूनही मी एकच वापरत होते, याचे मला वाईट वाटले. त्यानंतर घड्याळ वाढवावे. ३३ मेगाहर्ट्झ आणि चार तारा यांवर गणित सुमारे १३३ मिलिसेकंद येते, ६६ मेगाहर्ट्झवर ६६ मिलिसेकंद. येथे पुन्हा ती ५० टक्क्यांची मुभा आडवी येते. ६६ मेगाहर्ट्झ लिहिलेले आतले घड्याळ ९९ मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकते, आणि त्या वेगाला फ्लॅशचा प्रतिसाद व बोर्डावरच्या तारांचा विलंब पुरतील याची खात्री देता आली नाही, तर ते सेटिंग टेबलावर चालूनही उपयोगाचे नाही. म्हणून मी तिसरा मार्ग धरला. बाहेरच्या ५० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टल ऑसिलेटरचे घड्याळ कॉन्फिगरेशनसाठी वापरायला चिपला सांगितले. गणित ८८ मिलिसेकंदांचे होते आणि मोजणीही ८८ मिलिसेकंदांचीच आली, शेकडो वेळा, जवळजवळ न हलता. आतल्या घड्याळावर हाच आकडा चिप थंड-गरम होताना सरकताना दिसत असे. बाहेरच्या घड्याळाने वेग मिळाला, पण त्याहून मोलाची वाटली ती आकड्याची स्थिरता.

बिटस्ट्रीम दाबून लहान करण्याची सोयही साधनांत आहे. सारख्या दिसणाऱ्या चौकटी एकदाच पाठवून अनेक ठिकाणी लिहायच्या, असे तिचे तत्त्व आहे. माझ्या अर्ध्याहून अधिक रिकाम्या रचनेत तिने वेळ बराच खाली आणला. तरीही चाचणीत मी ती बंद ठेवते. उद्या रचनेत आणखी काही भर पडली की फाइल वाढणार, वेळ वाढणार, आणि ज्या मर्यादेवर बाकीचे सर्किट अवलंबून आहे ती न कळत ओलांडली जाणार. दाबून मिळालेला वेळ मी शिल्लक समजते; हिशेबात धरत नाही.

या मर्यादेचे महत्त्व ज्यांना रोज जाणवते ते म्हणजे संगणकाच्या आत बसणारी पीसीआय एक्स्प्रेसची कार्डे करणारे लोक. तेथे वीजपुरवठा स्थिर झाल्यानंतर किमान १०० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवला जातो आणि तो सुटल्यावर २० मिलिसेकंदांच्या आत कार्डाने जोडणीची तयारी सुरू करायची असते. माझ्या ताज्या आकड्यांत रीसेटचे २२ आणि वाचनाचे ८८ मिळून ११० मिलिसेकंद होतात, म्हणजे नियमाच्या अगदी कडेवर. आणि रीसेटला ३५ मिलिसेकंद लागले तर त्याही पलीकडे. याहून कितीतरी मोठ्या चिप त्या वेळेत बसणे शक्यच नसते, म्हणून आधी फक्त जोडणीपुरता छोटा भाग भरायचा आणि उरलेली रचना नंतर आणायची, अशी दोन टप्प्यांची पद्धत चिप बनवणाऱ्यांनी काढली. हे वाचले होते, पण आकडे स्वतः मांडल्यावर त्या पद्धतीची गरज पटली.

आता त्या भागाकडे येते ज्याने माझा सर्वांत जास्त वेळ घेतला: वीज काढण्याकडे. सुरुवातीच्या सर्व चाचण्यांत मी प्रत्येक वेळी पाच सेकंद वीज बंद ठेवत होते आणि २०० पैकी २०० वेळा चिप व्यवस्थित उठत होती. पण प्रत्यक्षात वीज नेहमी पाच सेकंदांसाठी जात नाही. ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत जाते आणि येते. म्हणून बंद ठेवण्याचा काळ १० मिलिसेकंदांपासून १० सेकंदांपर्यंत बदलत नेला. शंभर मिलिसेकंदांच्या आसपास काही वेळा चिप उठलीच नाही. इनिट वर गेली होती, घड्याळाचे ठोके फ्लॅशकडे जात होते, पण डन काही केल्या वर येईना, आणि पुन्हा पूर्ण वीज काढून घेईपर्यंत ती तशीच अडकून राही.

चाचणी पिना, इनिट आणि डन यांवरून काहीच कळत नव्हते, म्हणून मी ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यावरच प्रोब ठेवला. वीज बंद असतानाही तो शून्यावर जात नव्हता, सुमारे १.२ व्होल्टवर येऊन थांबत होता. कपॅसिटरमधला भार इतका वेळ टिकणे शक्य नव्हते. शोधता शोधता कारण सापडले ते माझ्याच केबलमध्ये. आकडे वाचण्यासाठी जोडलेल्या यूएसबी-सीरियल अडॅप्टरची एक तार सतत ३.३ व्होल्टवर असते. बोर्डाची वीज गेली की तो प्रवाह एफपीजीएच्या पिनेतल्या संरक्षक डायोडमधून पुरवठ्यात शिरतो आणि सगळ्या बोर्डाला अर्धवट जिवंत ठेवतो. एफपीजीएच्या गाभ्याचा १.० व्होल्ट खाली गेलेला असल्याने ती सर्व विसरून नव्याने सुरू होत असे, पण फ्लॅश मात्र आपली मागची अवस्था विसरत नव्हती.

अवस्था विसरली नाही तर बिघडते कुठे, हे समजून घेण्यासारखे आहे. माझ्या मूळ रचनेत, चिप सुरू झाल्यानंतर, तीच फ्लॅश वेगाने वाचण्यासाठी सतत वाचनाची पद्धत वापरली जाते. त्या पद्धतीत फ्लॅश प्रत्येक वेळी आज्ञेचा बाइट मागत नाही. आलेला पहिला बाइट हा थेट पत्ता आहे असे समजते. नुकतीच जागी झालेली एफपीजीए मात्र नेहमीप्रमाणे आधी वाचनाची साधी आज्ञा पाठवते. फ्लॅश तिला पत्त्याचा भाग समजून भलतीकडचा मजकूर देते, एफपीजीए त्यात आपला ठरलेला आरंभशब्द शोधत राहते आणि तो कधीच सापडत नाही. दोन्ही चिप निर्दोष असून एकमेकींची भाषा चुकल्यामुळे थांबून राहतात. बऱ्याच फ्लॅशच्या डेटाशीटमध्ये पुरवठा किती व्होल्टच्या खाली आणि किमान किती काळ गेला पाहिजे याची स्वतंत्र नोंद असते, पण ‘किती वेळात सुरू होते’ हे शोधणारा माणूस ‘किती वेळ बंद असावी लागते’ हे पान सहसा उघडत नाही. मी उघडले नव्हते.

उपाय तीन केले. पुरवठ्याला भार जमिनीकडे सोडणारा रेझिस्टर जोडला, सीरियल तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घालून उलटा शिरणारा प्रवाह रोखला, आणि रचना सुरू असताना प्रत्येक वाचनानंतर फ्लॅशला साध्या अवस्थेत परत आणण्याची सवय लॉजिकला लावली. तिसरा उपाय पूर्ण नव्हे, कारण वाचन चालू असतानाच वीज गेली तर तो अपुरा पडतो; खरा भरवसा पहिल्या दोघांवर आहे. त्यानंतर बंद काळाची तीच मालिका पुन्हा चालवली आणि १० मिलिसेकंदांपासून १० सेकंदांपर्यंत प्रत्येक टप्प्यावर २०० वेळा चिप उठली.

याच मालिकेत आणखी एक बारकावा दिसला, तो नोंदवून ठेवते. एका जुन्या फाइलवर चाचणी चालू असताना काही मोजण्या इतरांच्या जवळजवळ दुप्पट येत होत्या. सरासरी काढली असती तर त्या आकड्यांत विरघळून गेल्या असत्या. इनिट पिनेवर पाहिल्यावर कळले की त्या वेळी पहिले वाचन सीआरसी तपासणीत नापास होत होते, इनिट क्षणभर खाली जात होती आणि चिप दुसऱ्यांदा प्रयत्न करून यशस्वी होत होती. डन शेवटी वर येत असल्याने बाहेरून सर्व ठीक दिसत होते. कारण घड्याळाच्या तारेवर मी विसरलेला प्रोब होता. त्याच्या दहा-पंधरा पिकोफॅरडच्या भाराने वेगवान घड्याळाच्या कडा बोथट झाल्या होत्या. तेव्हापासून शेवटच्या मोजणीत घड्याळावर प्रोब ठेवायचा नाही, आणि सरासरीच्या आधी सर्वांत मोठा आकडा पाहायचा, असे मी करते.

राहिला मूळ प्रश्न: दोन सारख्या बोर्डांपैकी एकाचाच रिले का ओढला जात होता? कॉन्फिगरेशन चालू असताना पिना मोकळ्या असतात, आणि पीयूडीसी नावाची पिन जमिनीला जोडलेली असल्यास त्या सर्वांना आतून मंद पुलअप लागतो. माझ्या बोर्डावर ती जमिनीलाच जोडलेली होती. रिले चालवणाऱ्या मॉसफेटच्या गेटला (त्याला सुरू-बंद करणाऱ्या टोकाला) मी १० किलोओहमचा रेझिस्टर जमिनीकडे लावला होता आणि तेवढे पुरेसे आहे असे गृहीत धरले होते. पण ३.३ व्होल्टवर आतल्या पुलअपचा प्रवाह ९० ते ३३० मायक्रोअँपिअर यांमध्ये कितीही असू शकतो. ३३० च्या टोकाला तो पुलअप साधारण १० किलोओहमसारखा वागतो आणि गेटवर पुरवठ्याचा निम्मा भाग, म्हणजे १.६५ व्होल्ट उभा राहतो. ९० च्या टोकाला गेटवर जेमतेम ०.७ व्होल्ट येतात. माझा मॉसफेट कमी व्होल्टेजवर सुरू होणारा असल्याने पहिल्या प्रकारच्या चिपवर तो रिले ओढण्याइतका सुरू होत होता आणि दुसऱ्या प्रकारच्या चिपवर बंद राहत होता. दोन्ही चिप आपापल्या नियमांत वागत होत्या. नियमाबाहेर होता तो माझा रेझिस्टर.

तो बदलून १ किलोओहमचा केला. आता सर्वांत जोरकस पुलअप असतानाही गेटवर सुमारे ०.३ व्होल्टच येतात. पुढच्या आवृत्तीत पीयूडीसी पिन ३.३ व्होल्टला जोडून पुलअपच बंद ठेवायचे, असे आराखड्यावर लाल शाईने लिहून ठेवले आहे. रेझिस्टर बदलल्यावर मी मुद्दाम जुनी, ३ मेगाहर्ट्झ आणि एका तारेची फाइल परत भरली, म्हणजे चिप झोपेत असण्याचा काळ पुन्हा साडेपाच सेकंदांचा झाला, आणि त्या स्थितीत दोन्ही बोर्ड प्रत्येकी २०० वेळा चालू-बंद केले. रिलेच्या संपर्कांवर लावलेल्या मोजणीयंत्राने दोन्हीकडे शून्य नोंदवले. त्यानंतरच ८८ मिलिसेकंदांची फाइल भरून झडप जोडली.